सात दिवसांची रजा

दिल्लीतल्या आमच्या लक्ष्मीबाई नगरात प्रत्येक गोष्टीला नियम असतो, नियम नसेल तर परिपत्रक असतं. परवा उन्हात संत्री सोलत बसलो असताना वरच्या मजल्यावरच्या सेक्शन ऑफिसरांनी, म्हणजे आमच्या नागपूरकर साहेबांनी, जुन्या नियमांतलं एक रत्न काढलं. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याने नसबंदी केली तर तेव्हा विशेष नैमित्तिक रजा 6 दिवस मिळायची. बायकोचं ऑपरेशन झालं तर त्यालाच 7.

"म्हणजे टाके तिला आणि जास्तीचा दिवस तुम्हाला?" आमच्या सौ.नी विचारलं.

साहेबांनी बी थुंकली. "वहिनी, तिची काळजी नको का घ्यायला?"

साहेबांची काळजी मी पाहिली आहे. त्यांच्या सौ.चं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात भेटायला गेलो, तेव्हा चहा त्यांच्या सौ.नीच केला होता, एक हात पोटावर धरून. साखर कमी पडल्याचं साहेबांनी लगेच लक्षात आणून दिलं.

आयएनए बाजार ओलांडून श्री अरविंद मार्गाने एम्सकडे चालत निघालं की अन्सारी नगरात आयसीएमआरची कचेरी आहे. तिथून पुरुषांसाठीच्या ज्या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्या चालल्या, त्याचं नाव 'रिसग'. कल्पना प्रा. सुजॉय गुहा यांची. 1970 च्या दशकात ते याच रस्त्याच्या पुढच्या टोकाला, आयआयटी दिल्लीत होते. खेड्यातल्या पाण्याच्या पंपाचे नळ आतून लेप देऊन जंतू कसे मारावेत, याच्या ते विचारात होते. पुढे त्यांना दुसरा नळ सुचला. जागा बधीर करून शुक्रवाहिनीत पॉलिमर सोडायचा. तो आतून चिकटून बसतो आणि तिथून जाणारे शुक्रजंतू निकामी होतात. संप्रेरकांची भानगड नाही.

पहिला निबंध 1979 चा. तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष छापून आले 2023 मध्ये. म्हणजे निबंधाच्या वर्षी जन्मलेलं बाळ तोवर स्वतः नसबंदीच्या वयाला आलं! दिल्ली, जयपूर, लुधियाना, उधमपूर आणि खरगपूर अशा पाच ठिकाणी मिळून 303 विवाहित पुरुष, 7 वर्षांचा पाठपुरावा, गर्भधारणा टाळण्यात 99.02 टक्के यश. लेप धुऊन काढला की सगळं पूर्ववत होतं, हे प्राण्यांत दिसलं आहे; माणसात सिद्ध व्हायचं आहे.

"बघा, अजून सिद्ध नाही," साहेब म्हणाले. शास्त्रीय दृष्टिकोन म्हणतात तो हाच. मात्र दिल्लीत शिरणाऱ्या गाडीतून दिसणाऱ्या भिंतींवर हकीमसाहेबांची जी अक्षरं असतात, सार्वजनिक मुतारीच्या टाइलवर 'खोई हुई ताकत'चा जो पिवळा कागद चिकटलेला असतो, त्याला कोणी पाठपुरावा विचारत नाही. तिथे फक्त फोन नंबर उतरवून घेतात. वाढवायचं असेल तर पुरुष भिंतीवर विश्वास ठेवतो. थांबवायचं असेल तर त्याला शोधनिबंध लागतो.

भीती सगळीच खोटी नाही, हेही लिहिलं पाहिजे. आणीबाणीत दिल्लीने जबरदस्तीची नसबंदी पाहिली. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर 1976 मध्ये सक्तीचं विधेयकच मंजूर केलं होतं; राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून सुटलो. पण त्या धसक्याचं भाडं कोण भरतंय? तांबी तिला, गोळी तिला, टाके तिला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांची नसबंदी 37.9 टक्के, पुरुषांची 0.3. त्याच पाहणीत 35 टक्के पुरुषांनी सांगितलं की संततिनियमन हे बायकांचं काम. उरलेल्यांनी तसं सांगितलं नाही एवढंच.

"ते इंजेक्शन बाजारात कधी येणार?" साहेबांनी विचारलं.

"आलं तर घ्याल का, भाऊजी?"

"आधी घरी विचारतो," साहेब म्हणाले. बायकोला एखादी गोष्ट विचारायचं त्यांच्या मनात आल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

इंजेक्शन अजून दुकानात नाही. बिनटाक्याची नसबंदी मात्र सरकारी रुग्णालयात आजही फुकट होते. वर सरकार पैसे देतं, बाईला देतं त्याहून जास्त. साहेब, रजेचा अर्ज मी लिहून देतो. सही तेवढी तुमची लागेल.