अनुकंपा तत्त्वावरचं पनीर

कारंज्यात शाकाहारी माणसाची सोय व्हावी म्हणून हॉटेलवाल्यांनी एवढे कष्ट उपसले आहेत की आता मेन्यूकार्डात भाजी सापडत नाही. कार्ड मात्र भरगच्च. वर प्लास्टिक, पहिल्या पानावर गणपती, आत सोनेरी अक्षरांत पनीर. पनीर बटर मसाला, पनीर टिक्का मसाला, पनीर हंडी, पनीर कढाई, पनीर अंगारा, पनीर तुफानी. शेवटच्या दोघांत फरक काय, असं वाढप्याला विचारलं तर तो म्हणतो, "अंगाऱ्यातून धूर निंघते." तुफानीतून काय निघतं ते दुसऱ्या दिवशी कळतं.

शाकाहाराच्या बाबतीत आमचं गाव काही नवशिकं नाही. दिल्ली, पोहा, मंगरूळ आणि दारव्हा अशा चार वेशींच्या या गावात काष्ठासंघ, सेनगण आणि बलात्कारगण यांची तीन जुनी दिगंबर जैन मंदिरं आहेत. 1918 सालचं महावीर ब्रह्मचर्याश्रम गुरुकुल आहे. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून गुरुमंदिरात वर्षभर दत्तभक्तांची रीघ असते. म्हणजे इथला बराचसा माणूस शेकडो वर्षं मेन्यूकार्डावाचून शाकाहारी होता. भोजनालयात शिरायचं, "काय आहे?" विचारायचं. "वरण, भात, पोळी, आलू-वांगे." "आणखी?" "आणखी लोणचं." चर्चा संपली. त्या काळी ताटातल्या पदार्थाला आडनाव नसे.

पुढे स्पर्धा आली, रस्त्यावर ढाबे आले आणि ढाब्यांवर ‘व्हेज–नॉनव्हेज’ अशा जोडपाट्या आल्या. या पाट्यांचं पंचांग मोठं कडक. श्रावण लागला की ‘नॉन’वर कागद चिकटतो. भाद्रपदात दशलक्षण पर्व, मागोमाग पितृपक्ष, मग नवरात्र, मग मार्गशीर्षातले गुरुवार, तेवढ्यात दत्तजयंती. कागद काढायचा कधी, हा मालकापुढचा खरा प्रश्न. शेवटी काहींनी हिशेब केला की वर्षभर डिंक विकत घेण्यापेक्षा पाटीच रंगवून घेतलेली बरी. ‘शुद्ध शाकाहारी’ झालेल्या हॉटेलांत काही श्रद्धेनं झाली, हे मी मान्य करतो. बाकीची डिंकाला कंटाळून झाली.

पाटी बदलली, पण आतल्या कार्डाचं काय करायचं? तिथं ओळीनं कोंबडी बसलेली. कार्ड नव्यानं विचार करून लिहायचं म्हणजे डोक्याला ताप. मग हॉटेलवाल्यांनी शासनाचा जुना मार्ग धरला. नोकरीत असताना कुणी गेलं की घरातल्या एकाला अनुकंपा तत्त्वावर लावून घेतात ना, तसं पनीरला लावून घेतलं. कोंबडी गेली. तिचं टेबल, तिची खुर्ची, तिचा हुद्दा, सगळं पनीरला मिळालं. दिल्लीच्या मोतीमहलमुळे नावारूपाला आलेलं बटर चिकन इथं पनीर बटर मसाला झालं. चेन्नईच्या बुहारी हॉटेलात 1965 साली निघालेलं चिकन 65 इथं पनीर 65 म्हणून रुजू झालं, आणि आकडा तोच ठेवला, म्हणजे सेवाज्येष्ठताही धरली. 1975 च्या सुमारास मुंबईत नेल्सन वांग यांनी चिकन मंचुरियन केलं असं सांगतात. कारंज्याला पोचेपर्यंत त्याच्यात पत्ताकोबी शिरली होती. व्हेज खिमा आहे, व्हेज बिर्याणी आहे, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे व्हेज लॉलीपॉप. त्याला हाड नसतं म्हणून काडी खोचतात. शाकाहारी गिऱ्हाईक ती काडी हाडासारखी दोन बोटांत धरतं आणि तृप्त होऊन चोखतं.

याहून गंमत वेगळीच आहे. ज्याच्या सात पिढ्यांत कुणी कोंबडीला हात लावला नाही, तो गृहस्थ वेटरला दरडावून विचारतो, "टेस तशीच आहे न? मागच्या खेपेले नव्हती." कशासारखी, हे त्याला ठाऊक नसतं. वेटरलाही नसतं. तरी दोघांचं एकमत होतं.

आमच्या वऱ्हाडानं हा प्रश्न फार आधी सोडवून ठेवलेला होता. पाटोडीचा रस्सा. हरभऱ्याचं बेसन शिजवायचं, थापायचं, वड्या पाडायच्या आणि खोबरं, कांदा, खसखस भाजून केलेल्या जहाल तर्रीत सोडायच्या. नागपूरकडे सावजी भोजनालयांत मटणाच्या शेजारी हीच पाटोडी मानानं बसते. पाटोडीनं मटणाच्या जागेसाठी कधी अर्ज केला नाही. ती बेसनाची आहे, बेसनाची म्हणून ताटात येते आणि मटण खाणाऱ्याच्याही डोळ्यांतून तेवढंच पाणी काढते. म्हणूनच बहुधा तिला मेन्यूकार्डात जागा नाही.

मी एका मालकाला विचारलं, "भरीत नाही, आलू-वांगे नाही, मेथी नाही, पाटोडी नाही. शाकाहारी माणसानं खायचं काय?" त्यानं माझ्याकडे कीव येऊन पाहिलं.

"भाऊ, वांगे त घरीच खाते न माणूस. अन् थे चुकवाले इथं येते. तुमी त्याच्या ताटात पुन्हा वांगेच ठेवसान त थो मले पैसे काहून देईन?"

या युक्तिवादापुढे मी गप्प बसलो. बायकोच्या हातचं वांगं चुकवण्याचं भाडं म्हणजे पनीर, असा हा व्यवहार आहे आणि तो दोन्ही पक्षांना मान्य आहे.

आता स्वयंपाकघराकडे वळू. कार्डावर पदार्थ अर्धशतकाच्या घरात, आणि आत भट्टीवर पातेली दोन. एकात लाल ग्रेव्ही, दुसऱ्यात पांढरी. लालमध्ये मिरची वाढवली की कोल्हापुरी, साय टाकली की बटर मसाला, कोळसा धुमसवला की अंगारा. पांढरीत साखर पडली की मलाई आणि वर दोन काजू ठेवले की काजू करी. खाली काजू असतीलच असं नाही. तिथं बहुतेकदा मगज, म्हणजे खरबुजाच्या बिया वाटून काम भागतं. गुरुचरित्रात भास्कर ब्राह्मणाची कथा आहे. तिघांपुरता शिधा आणला आणि श्रीगुरू नृसिंह सरस्वतींच्या कृपेनं त्यात चार हजार माणसं जेवली. आमच्या हॉटेलवाल्यांना गुरुमंदिराचा शेजार लाभला आहे, तेव्हा दोन पातेल्यांत पन्नास पदार्थ निघाले तर नवल करू नये. फरक एवढाच की भास्करानं प्रत्येकाला वेगळं बिल दिल्याचा उल्लेख नाही.

‘जैन’ रकान्याचं तर स्वतंत्र प्रकरण आहे. नियम स्वच्छ आहेत. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, गाजर नाही, जमिनीखालचं काही नाही. पाळणाऱ्याच्या घरी या नियमांत राहून अप्रतिम स्वयंपाक होतो. डाळी आहेत, कच्ची केळी आहेत, तोंडली, दोडकी, भेंडी, हिंग-जिऱ्याची फोडणी. शतकानुशतकं मुरलेली पाककला आहे ही, आणि ती शिकायला हॉटेलवाल्याला दोन गल्ल्या ओलांडायच्या आहेत. तो ओलांडत नाही. तो लाल ग्रेव्हीतून कांदा काढतो, त्याच्या जागी पत्ताकोबी वाटून टाकतो आणि नावाआधी ‘जैन’ लिहितो. जैन पनीर हंडी, जैन मंचुरियन, जैन शेजवान राईस. शेजवानमधून लसूण काढल्यावर मागं काय राहतं, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. आणि ही सगळी सोय सुरू होते संध्याकाळी सात वाजता. ज्याच्यासाठी ती केली तो सूर्यास्ताआधी जेवून हात धुऊन बसलेला असतो. रात्री साडेदहाला जैन पनीर मागवणारी मंडळी कोण, हे मी चौकशी करून शोधणार होतो; पण त्यातले दोघं माझ्याच ओळखीचे निघाले.

शुद्धतेचं हे वेड मोठ्या शहरांतही कमी नाही. मार्च 2024 मध्ये झोमॅटोनं शुद्ध शाकाहारी जेवणासाठी वेगळी पोरं आणि त्यांना हिरवे कपडे, असं जाहीर केलं. इतका गदारोळ झाला की एका दिवसात हिरवे कपडे मागं घेतले. वेगळा ताफा तेवढा ठेवू म्हणाले, पण पोरगा लालच. पाकिटांवरच्या खुणांचंही तसंच. हिरवा ठिपका शाकाहाराचा आणि तपकिरी ठिपका मांसाहाराचा होता. ज्यांना रंग ओळखता येत नाहीत त्यांची पंचाईत होते म्हणून पुढे मांसाहाराचा ठिपका त्रिकोणी केला. म्हणजे रंगांध माणसाचीही चूक होऊ नये एवढी काळजी देशानं घेतली. ठिपक्याच्या आत काय आहे, ही काळजी अजून रांगेत आहे.

आत काय आहे ते पाहू. कारंज्याच्या बाजार समितीत हंगामात सोयाबीनच्या पोत्यांनी पाय ठेवायला जागा नसते. तूर येते, हरभरा येतो. प्रथिनांचे ढीग. आता हे सोयाबीन जातं कुठं? तेल काढणाऱ्या कारखान्यांत. तेल काढून उरलेली पेंड जाते मुख्यतः कोंबडीच्या खाद्यात. म्हणजे आमच्या शेतातली उत्तम शाकाहारी प्रथिनं कोंबडी खाते, आणि आमचा शाकाहारी माणूस त्या कोंबडीच्या रिकाम्या खुर्चीवर बसलेलं पनीर खातो. या साखळीत खरी शाकाहारी कोंबडीच ठरते. तिला अंगारा लागत नाही, तुफानी लागत नाही आणि चव तश्शीच आहे का, असंही ती विचारत नाही.

पनीर तरी दुधाचं असावं ना. 2025 च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात एका आमदारांनी विधानसभेत बनावट पनीर आणून दाखवलं आणि राज्यभर एकच खळबळ उडाली. बाजारात ‘अ‍ॅनालॉग’ नावाचा एक गोळा मिळतो. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी त्यात वनस्पती तेल, बहुधा पामचं. दिसायला पांढरं, कापायला सोपं, किमतीला स्वस्त, आणि लाल ग्रेव्हीत बुडाल्यावर त्याची ओळख त्याच्या आईलाही पटणार नाही. ते विकणं गुन्हा नाही. पनीर म्हणून विकणं गुन्हा आहे. बातमी वाचून लोक संतापले. मी मात्र क्षणभर भारावून गेलो. इतकी वर्षं आपण ओरडत होतो की शाकाहारी ताटात वनस्पती नाही. अखेर आली! तेलाच्या रूपानं का होईना, पण आली.

ती बातमी मी त्याच मालकाला दाखवली. म्हटलं, उद्या सरकारनं कार्डावर जे आहे ते खरं खरं छापायला लावलं तर तुमचं अवघड आहे. कोंबडीच्या जागी पनीर, पनीरच्या जागी पामतेल, काजूच्या जागी खरबुजाच्या बिया, कांद्याच्या जागी पत्ताकोबी, आणि हाडाच्या जागी काडी. एवढं सगळं एका ओळीत बसवायचं, तेही सोनेरी अक्षरांत.

तो चपापला नाही. त्यानं गल्ल्यातून छापखान्याचं जुनं बिल काढलं, चष्मा लावला आणि बोटांवर बराच वेळ काहीतरी मोजलं.

"अक्षरामागं पैसे घेते थो," तो म्हणाला. "इतकं सारं छापाचं म्हटलं त कार्ड जाईन महागात. वांग्याले दोनच अक्षरं लागते न?"