तेलाचा पुडा

निलंग्यात महागाई मोजायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. किराणा घेऊन परतणाऱ्या माणसाची पिशवी बघावी, मग तोंड. पिशवी हलकी आणि तोंड जड दिसलं की समजावं, तेल वाढलं.

तेल म्हणजे अर्थात सोयाबीनचं. पूर्वी आमच्याकडे करडी असायची. घाण्याच्या तेलाची चव आई अजून सांगते. करडीच्या काट्यांनी पायांची काय दशा व्हायची, ते सांगत नाही. आता पाऊस पडला की या बांधापासून त्या बांधापर्यंत सोयाबीन. मी तहसीलसमोर झेरॉक्सचं मशीन चालवतो आणि भावाच्या भागीत थोडी जमीन आहे. म्हणजे सोयाबीन विकणारा मीच आणि तेल घेणाराही मीच. या दोघांचं आपसात पटत नाही.

2024 च्या सप्टेंबरात केंद्र सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं. बाहेरचं तेल महागलं की आमच्या मालाला भाव येईल, हा हिशोब. माझ्यातला शेतकरी हरखला. तेलाच्या पुड्याला ही बातमी लगेच कळली, सोयाबीनला कुणी कळवलीच नाही. हमीभाव क्विंटलला 4892, आणि मोंढ्यात दिवाळीच्या तोंडावर सौदे चार हजारांच्या आगेमागे. हमीभाव केंद्रावर न्यावं तर ओलावा 12 टक्क्यांच्या आत पाहिजे. पुढे 15 टक्क्यांपर्यंत सूट मिळाली, तोवर आमचे कट्टे मोंढ्यात रिकामे झाले होते. 2025 च्या मे अखेरीला शुल्क 10 टक्क्यांवर आलं, तेव्हा गिऱ्हाईक हसलं आणि शेतकरी रुसला.

तेल वाढूनही सोयाबीनला भाव का नाही, ते आडत्यानं समजावलं. "क्विंटलात तेल निघतंय अठरा-एकोणीस किलो. बाकी सगळी पेंड. भाव पेंडीवर ठरतोय. पेंड खातीय कोंबडी. अन् कोंबडीला आता इथेनॉल काढून उरलेला मक्याचा चोथा स्वस्तात मिळायलाय."

म्हणजे गाडीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल, इथेनॉलसाठी मका, चोथा कोंबडीला, म्हणून पेंड पडून, म्हणून माझा भाव पडून. ज्या गाड्यांमुळे हे झालं, त्यातली एकही माझी नाही.

घरात तेलाचं खातं बायकोकडे. पुडा संपला असं मी म्हणतो. ती तो डब्यावर रात्रभर उलटा टांगते. सकाळी कात्रीनं उभा फाडून आतून कणकेचा गोळा फिरवते. पुडा असा कोरडा होतो की त्यावर पेनानं लिहावं. मागे एकदा म्हणाली, "आवो, पुडा तेवढाच दिसायलाय, पण लवकर सरायलाय." वजन बारीक अक्षरात, दोघांनाही वाचता येईना. शेवटी दुकानात नेऊन मशीनवर मोठं करून काढलं. 750 ग्राम! लिटरभर तेल 910 ग्रामच्या आसपास भरतं. कागदाचा खर्च वेगळा.

एस.टी.ही 2025 च्या जानेवारीत 14.95 टक्क्यांनी वाढली. बायकोला अर्धं तिकीट, आईची पंचाहत्तरी उलटलेली म्हणून तिला फुकट; त्यामुळे लग्नकार्याला आमच्या घरून त्या दोघीच जातात. आहेराच्या पाकिटावर नाव तेवढं माझं असतं.

अशा दिवसांत बाहेरचं खाणं म्हणजे निलंगा राईस. आमच्या गावचं नाव लातूर-पुण्याच्या गाड्यांवर रंगवलं जातं ते या भातामुळे, पुढाऱ्यांनी गैरसमज करून घेऊ नये. तिखट, मसालेदार, गरम, आणि अजूनही आमच्यासारख्याच्या खिशाला झेपणारा. गाडीवाला भाव वाढवायला बिचकतो, म्हणून हात आखडतो. भातावर सोडायच्या तेलाचा चमचा मडक्यातून वर येताना मी बघितलाय, अर्ध्यात थरथरतो.

तेव्हा निलंग्याला आलात तर राईस जरूर खा. फक्त वरून तेल मागू नका.