फुकटचा चहा

कॅसिनोत राहायचं पण खेळायचं नाही, असं मी फिनिक्सहून निघतानाच गाडीत जाहीर करून टाकलं होतं. माझी उभी हयात बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात गेली, त्यामुळे नोटांचा मोह आपल्याला पडत नाही असा माझा समज. "बाबा, खोली स्वस्त आहे म्हणून चाललोय," लेक म्हणाली. ते मला तत्काळ पटलं. ती स्वस्त का आहे, हे विचारायचं मात्र सुचलं नाही.

लाफ्लिन हे नेवाडाच्या दक्षिण टोकाचं गाव. समोर कोलोरॅडो नदी, पलीकडे ॲरिझोनातलं बुलहेड सिटी. १९६४ साली डॉन लाफ्लिन नावाच्या गृहस्थाने इथलं एक बंद पडलेलं आठ खोल्यांचं मोटेल विकत घेतलं. चार खोल्यांत स्वतःचं बिऱ्हाड, चार भाड्याने. बारा स्लॉट मशिनं, आणि गिऱ्हाईक यावं म्हणून ९८ सेंटमध्ये पोटभर चिकन! गडी मूळचाच पक्का. मिनेसोटात शाळेत असतानाच मशिनं लावून कमवायचा. 'मशिनं सोड, नाहीतर शाळा सोड,' असं मुख्याध्यापकांनी बजावल्यावर त्याने शाळा सोडली. पुढे टपाल खात्याच्या निरीक्षकाने गावाला त्याचंच नाव सुचवलं. १९८७ मध्ये त्याने पदरचे ३५ लाख डॉलर घालून नदीवर पूल बांधून दिला. दानशूरच म्हणायचा. पुलाचं अलीकडचं टोक त्याच्या कॅसिनोपाशी उतरतं, हा योगायोग.

त्या आठ खोल्यांचं आज रिव्हरसाइड रिसॉर्ट झालंय. चौदाशेच्या वर खोल्या, सिनेमा, बोलिंग, नाटकघर, जुन्या मोटारींचं संग्रहालय. पैसे न हरता दिवस काढायची एवढी सोय कॅसिनोवाल्यानेच करून ठेवावी, याचं मला फार कौतुक वाटलं.

सकाळी आठला सगळ्यांनी खाली न्याहारीला भेटायचं ठरलं होतं. न्याहारी जावईबापूंकडून, त्यामुळे मी वेळेच्या आधीच हजर. आठ वाजून गेले तरी कुणाचा पत्ता नाही. हिवाळ्यात ॲरिझोना नेवाडाच्या एक तास पुढे असतं, आणि माझ्या मोबाइलने रात्री कधीतरी नदीपलीकडचा टॉवर पकडला होता. म्हणजे खरे वाजले होते सात. हा उलगडा नंतर झाला. कॅसिनोच्या भिंतीवर घड्याळ नसतं.

समोर एका सेंटचं मशीन होतं. हिशेब केला : वीस डॉलर म्हणजे दोन हजार डाव. नुसता वेळ घालवायला काय हरकत आहे? नोट आत सरकवली. मग कळलं की ओळी पन्नास, आणि दर ओळीला एक सेंट. बटण दाबलं की अर्धा डॉलर गेला! दोन हजार डावांचे चाळीस झाले. त्यात मधूनच पंधरा सेंट परत यायचे, की मशीन दिवे लावून, घंटा वाजवून माझं अभिनंदन करायचं. पस्तीस सेंटच्या तोट्याबद्दल आमच्या बँकेत कुणाचा असा सत्कार झाल्याचं मला आठवत नाही. धर्मराजाला निदान शकुनी समोर दिसत होता. इथे आत बसवलेली चिप दर डावाला नवा आकडा काढते, तिला मागच्या डावाची दयामाया नसते. तरीही 'आता येणारच' म्हणून मी दुसरी नोट सरकवली.

तेवढ्यात एक बाई पेय हवंय का विचारायला आल्या. खेळणाऱ्याला फुकट असतं म्हणे. मी चहा मागवला, एक डॉलर टिप ठेवली आणि जिंकल्यासारखा बसलो.

"बाबा, खेळायचं नव्हतं ना?" मागून लेकीचा आवाज.

"चहा घेतोय," मी म्हणालो. जावईबापूंनी सभ्यपणे मान वळवली. मशीन तेवढं असभ्य. पडद्यावर शिल्लक दाखवत होतं : वीस सेंट.

तेव्हा मंडळी, हिवाळ्यात लाफ्लिनला गेलात तर मनगटी घड्याळ न्या आणि ते नेवाडाच्या वेळेला लावा. उन्हाळ्यात दोन्ही काठांवर वेळ एकच असते. पण २९ जून १९९४ रोजी तिथला पारा १२५ अंश फॅरनहाइटवर गेला होता, म्हणजे जवळजवळ ५२ अंश सेल्सिअस.