खोक्यात अडकलेला जीव

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीकडच्यांची शोकेस बोटांनी वाजवून, तिला कान लावून कुणी ऐकत बसलं असेल, तर ते मुलाचे काका आहेत आणि घरी स्पीकर बनवतात, असं खुशाल समजावं. परतताना गाडीत त्यांना विचारा, कशी वाटली? उत्तर येतं, "पार्टिकल बोर्ड. पोकळ आहे."

असे काका पुण्यात पेठोपेठी आहेत. तापकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वूफर-ट्विटर एका दुपारीत घरी येतात. खोकं कशाचं करायचं यात वर्षं जातात. मुलगा दहावीत असताना आणलेला वूफर, मुलगा इंजिनियर होऊन नोकरीला लागला तरी थर्माकोलमध्येच झोपलेला असतो.

काकांचं मुळात चुकत नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. वूफरचा पडदा हवा जशी पुढे ढकलतो तशीच मागेही. मागची लाट पुढच्या लाटेत येऊन मिसळली की बास मरतो, म्हणून खोकं लागतं. पण त्या खोक्याच्या भिंतीच थरथरू लागल्या, की लताबाईंच्या गाण्यात प्लायवूडही आपला सूर लावतं. सतारीचा भोपळा वाजलाच पाहिजे. स्पीकरचं खोकं मुकं हवं. "ज्याचं काम त्यानं करावं, बाकीच्यांनी गप्प बसावं," असं काका सांगतात तेव्हा काकू स्वयंपाकघरातून जे पुटपुटतात, ते इथे छापता येणार नाही.

काकांना बघावं ते भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात. दुकानदाराने १८ एमएमचा प्लाय पुढे केला, की यांच्या खिशातून व्हर्निअर कॅलिपर निघतो.

"सतरा पॉइंट दोन."

"काका, यालाच अठरा म्हणतात."

मग काका प्लायची कड डोळ्यांशी नेऊन थर मोजतात. मधल्या थरात पोकळी सापडली की चेहरा असा उजळतो, जणू लग्नात हरवलेली चप्पल मिळाली. ही फट बासवर बडबडणार, असं ते ऐकवतात. "सनमायका मारल्यावर कोण बघतंय हो?" असं म्हणून दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

एमडीएफ काकांनी वापरून पाहिलं आहे. एकसंध, आत कुठे पोकळी नाही, मोठमोठे कारखाने तेच वापरतात. आठ बाय चारची १८ एमएमची शीट भरते साधारण ४० किलो, ती चार मजले वर आणताना वॉचमनने नोकरी सोडायची भाषा केली. कापताना मैद्यासारखा भुसा उडतो आणि तो छातीला वाईट, म्हणून तोंडाला फडकं बांधावं लागतं. कडेला भोक न पाडता स्क्रू मारला तर शीट उकलते. हे सगळं सांभाळून काकांनी खोकं जुळवलं आणि रंगासाठी बाल्कनीत ठेवलं. जून महिना होता. उघड्या कडांनी पाणी पिऊन खोकं पावासारखं फुगलं.

सागवानावर काकांची श्रद्धा आहे, पण दर जुलैला स्वतःच्या घराचं दार लागत नाही, हेही ते बघतात. मग ओट्याचा उरलेला कडप्पा आला. टिचकी मारली तर टण्ण! जड असला म्हणजे गप्प बसतो असं नाही. देवळातली घंटाही जडच असते.

काकांच्या बोलण्यात परदेशी असामी घरच्यासारख्या येतात. वॉर्फडेल कंपनीचे गिल्बर्ट ब्रिग्ज प्लायच्या दोन फळ्यांमध्ये वाळू भरत. वाळूचे कण एकमेकांवर घासतात आणि कंप तिथेच जिरतो. काकांनी शेजारच्या रिडेव्हलपमेंटच्या ढिगातून रातोरात दोन बादल्या उचलल्या. फळ्यांमधून वाळू गळू लागली, आणि सोसायटीच्या मांजरीने तिचा वेगळाच उपयोग केला.

पण खरा घाव घातला बीबीसीने. सत्तरच्या दशकातला त्यांचा एलएस३/५ए हा इवलासा स्पीकर बर्चच्या जेमतेम १२ एमएम प्लायचा, आतून डांबरी पॅड लावलेला. भिंत पातळ ठेवा, तिचा कंप कानाला कमी टोचेल अशा सुरात खाली आणा आणि डांबराने विझवा, असा त्यांचा हिशेब. वीस वर्षं 'जाड, अजून जाड' म्हणणारे काका त्या रात्री जेवले नाहीत.

तिसरे हॅरी ओल्सन. या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५१ साली निरनिराळ्या आकारांची खोकी तपासली. आवाज सर्वांत सुरळीत मिळाला गोलातून, कारण गोलाला कडा नसतात. काकांनी हे वाचलं आणि थेट कसब्यातलं कुंभाराचं दुकान गाठलं.

तिथे चाळीसेक माठ वाजवून झाले. कुंभार खूश, अलीकडे इतकं निरखून घेतो कोण? त्याने एक खणखणीत माठ निवडून पुढे केला. काका म्हणाले, "हा नको, फार वाजतो. वाजणार नाही असा द्या."

कुंभाराने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "वाजत नाही तो फुटका असतो, काका. तो आम्ही फेकून देतो."

शेवटी खणखणीतच दोन घेतले. दोन्हींच्या आत सध्या डांबराचा तिसरा हात चालू आहे. या उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलात, तर कृपा करून माठातलं पाणी मागू नका.