कुत्रंसुद्धा विचारत नाही

प्रति,
समस्त श्वानमंडळ,
आमची गल्ली (पाण्याची टाकी ते पिठाची गिरणी),
डोंबिवली पूर्व.

विषय : गेले आठ आठवडे माझा पाठलाग न केल्याबाबत.

महोदय व महोदया,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी कोण, हे आपणांस माहीत आहे. पहाटे सव्वापाचला पोपटी टी-शर्ट घालून गल्लीतून जो इसम जातो, ज्याला पाहून आपण एक डोळा उघडता आणि तोच पुन्हा मिटता, तो मी. तक्रार त्या मिटलेल्या डोळ्याबद्दल आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. डोंबिवलीकर असल्याने धावणं मला नवं नाही. बावीस वर्षं मी सव्वाआठच्या लोकलसाठी जिन्यावरून धावतो आहे. पण त्यात डबा, छत्री आणि भीती असते. खेळ म्हणून धावायची वेळ कधी आली नव्हती. दिवाळीच्या आधी ऑफिसात एक कागद फिरला. वाढदिवसाच्या वर्गणीचा असेल म्हणून मी सही केली. ती मुंबई मॅरेथॉनमधल्या ड्रीम रनची निघाली.

2004 साली ही मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हापासून हौशी लोकांसाठी ही धाव तिच्या पदराला बांधलेली आहे. अंतर 5.9 किलोमीटर. वेळ मोजत नाहीत. छातीवर नंबर लावायचा असतो, नंबर यायचा नसतो. कुणी झाड होऊन येतं, कुणी ढोल घेऊन येतं, कुणी संस्थेसाठी पैसे जमवायला फलक धरून येतं. 'मजा असते हो,' असं मला सगळ्यांनी सांगितलं. जी गोष्ट मजेची आहे असं चार जणांना सांगावं लागतं, तिच्याबद्दल मला लग्नांच्या वरातींपासूनच शंका आहे.

असो. मुद्दा आपला आहे.

मी धावणार हे कळताच ज्यांनी ज्यांनी सल्ले दिले, त्या प्रत्येकाच्या सल्ल्यात आपण होतात. 'बाकी सगळं ठीक आहे, पण कुत्री!' मग मी रीतसर अभ्यास केला. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, जागच्या जागी उभं राहायचं, डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत, हात अंगालगत ठेवायचे आणि मग सावकाश बाजूला व्हायचं. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि थेट दवाखाना गाठायचा. लसीचे दिवस मला तोंडपाठ आहेत : 0, 3, 7, 14, 28. फ्रिजवर हे वेळापत्रक आणि धावण्याचं वेळापत्रक शेजारीशेजारी लावलं होतं. पहिले चार दिवस मी कोणतं पाळत होतो ते मलाच नक्की सांगता येणार नाही.

आणि आपण काय केलंत? काही नाही. पांढऱ्या पायांच्या बाईंनी जांभई दिली. शेरूने कूसही बदलली नाही.

पहिल्या आठवड्याचं मी समजू शकतो. 1996 साली जोश क्लार्क नावाच्या एका अमेरिकन तरुणाने आपल्या आईला डोळ्यांसमोर ठेवून नऊ आठवड्यांचा एक कार्यक्रम आखला. आठवड्यातून तीन दिवस. सुरुवातीला साठ सेकंद धावायचं, नव्वद सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. मी तोच धरला आहे. आता साठ सेकंदांत आपण तरी उठून, अंग झटकून, आळस देऊन मागे कधी लागणार? आपण उठेपर्यंत मी चालायला लागलेला असायचो. शिवाय जुन्या बुटांमुळे माझी नडगी दुखत होती आणि मी लंगडत होतो. लंगडणाऱ्याच्या मागे लागू नये, एवढी सभ्यता आपल्यात आहे हे मला मान्य आहे.

पण मग मी नवे बूट आणले. पुढे अंगठ्याएवढी जागा सोडून, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना माप घेऊन आणले. किंमत घरी खरी सांगितलेली नाही, ती इथेही सांगत नाही. त्या बुटांनाही आपण ओळख दिली नाहीत.

याच काळात आपण कुणाकुणाच्या मागे लागलात, याची नोंद माझ्याकडे आहे. पेपरवाल्या पोराची सायकल, रोज. दूधवाल्याची मोटारसायकल, रोज. एक रिक्षा. वाऱ्याने उडालेली एक काळी पिशवी, गिरणीपासून थेट टाकीपर्यंत, पाच जण मिळून! ती पिशवी त्या दिवशी माझ्या पुढे गेली, हे मी नाकारत नाही.

हे सगळं मी घरी तक्रारीच्या सुरात सांगितलं. सौ. पोळ्या लाटत होत्या. त्यांनी वरही न बघता सांगितलं, "अहो, कुत्रं पळणाऱ्याच्या मागे लागतं."

हे वाक्य पचायला मला तो अख्खा दिवस लागला.

ललिता बाबर यांना माणदेशी एक्सप्रेस म्हणतात, कविता राऊत यांना सावरपाडा एक्सप्रेस. माझ्यात फार तर डोंबिवली स्लो आहे, तीही सिग्नलला उभी. 2023 साली मुंबईतच इथियोपियाचे हेले लेमी 42.195 किलोमीटर 2 तास 7 मिनिटे 32 सेकंदांत धावले. म्हणजे किलोमीटरला तीन मिनिटं आणि वर एक-दोन सेकंद. तेवढ्या वेळात मी टाकीपासून गिरणीपर्यंत पोचतो. मला किलोमीटरला नऊ मिनिटं लागतात. कानटोपी घातलेले एक आजोबा रोज मला मागे टाकतात, आणि ते फुलं तोडत तोडत जात असतात.

पण सावकाश धावणं ही माझी मजबुरी असली, तरी शास्त्रात ते बसतं, याची आपण नोंद घ्यावी. नवख्याला धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटले तर वेग जास्त आहे असं समजावं. मी रोज शेरूपाशी येऊन "काय रे, उठायचा विचार आहे का?" एवढं अखंड बोलतो. तो माझा वेग तपासण्याचा उपाय आहे. शेरू तो अपमान समजत असेल तर क्षमस्व. पाचव्या आठवड्यात तिसऱ्या दिवशी कार्यक्रमात एकदम वीस मिनिटं न थांबता धावणं येतं. आदल्या रात्री मला झोप नव्हती. आणि ती वीस मिनिटं झाली! टाकी, गिरणी, टाकी, गिरणी. शेवटच्या फेरीला बरगडीखाली कळ आली, तरी थांबलो नाही. टाकीच्या पायरीवर बसून मी चक्क एकटाच हसत होतो. साक्षीदार आपण होतात. आपण सगळे झोपला होतात.

आता गेल्या मंगळवारचं. गिरणीच्या वळणावर मागून गुरगुर ऐकू आली. मग नखांचा आवाज. मग भुंकणं, खरं, पोटातून आलेलं! मी वळून पाहिलं तर काळ्या, कान मागे टाकून, सरळ माझ्या दिशेने. मला सांगायला लाज वाटत नाही, डोळ्यांत पाणी आलं. उभं राहायचं, हात अंगालगत, वगैरे सगळा अभ्यास विसरून मी पळालो. असा पळालो की शाळेतल्या लंगडीनंतर कधी पळालो नव्हतो. घड्याळात नंतर पाहिलं : ते शंभर मीटर मी किलोमीटरला पाच मिनिटांच्या वेगाने धावलो आहे. मग उजवीकडून पेपरवाल्याची सायकल गेली. तिच्यामागोमाग काळ्या गेला. माझ्या बाजूने जाताना त्याने मला वळसा घातला, जसा खांबाला घालतात.

तरीही पुरावा म्हणून ते शंभर मीटर मी जपून ठेवले आहेत.

येत्या रविवारी धाव आहे. नंबरचा कागद बीकेसीतून आणला, चार सेफ्टी पिना मोजून घेतल्या. त्या दिवशी नवं काहीही करायचं नाही असं जाणकार सांगतात : नवे मोजे नाहीत, नवा खाऊ नाही. नेहमीचं केळं, नेहमीचे बूट, काखेत आणि मांड्यांना व्हॅसलीन. सुरुवातीला गर्दी एवढी असते म्हणे की पहिला किलोमीटर चालतच जावं लागतं. हे ऐकून मला जे बरं वाटलं ते इथे लिहीत नाही.

शनिवारी पहाटे मी शेवटचा सराव करीन, फक्त दोन किलोमीटर, पाय मोकळे करण्यापुरता. आपणांस नम्र विनंती आहे की त्या वेळी आपल्यापैकी कुणीतरी एकाने, शक्यतो काळ्याने, टाकीपासून गिरणीपर्यंत माझ्या मागे लागावं. चावण्याचा आग्रह नाही. पेपरवाल्याला मी अर्धा तास उशिरा यायला सांगितलं आहे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
अद्याप न चावलेला

ता. क. : डाव्या खिशात ग्लुकोज बिस्किटं असतील. ही लाच समजू नये. धाव पूर्ण झाल्यावरच मिळतील, आणि ती मिळवायला माझ्या मागे यावं लागेल.