गणपतीला गावी जाताना: नवचालकांसाठी दिशादर्शन

ज्यांनी नुकताच परवाना काढला आहे, ज्यांना पुण्याहून चिपळूणकडच्या गावी जायचं आहे आणि ज्यांच्या मागच्या सीटवर आई, आत्या, दोन मुलं व आत्याच्या मांडीवर मोदकपात्र आहे, अशा चालकांसाठी ही मार्गदर्शिका आहे. स्वारगेटहून शिवाजीनगरला जाताना रस्ता चुकणाऱ्यांसाठी वेगळं पुस्तक लागेल. ते आम्ही लिहिणार नाही.

साहित्य

एक फोन, तो काचेसमोर घट्ट बसवायचा स्टँड, खरोखर चालणारा चार्जर, बुकस्टॉलवर मिळणारा महाराष्ट्राचा घडीचा रस्ते-नकाशा आणि चालकाच्या शेजारी एक जागा माणूस. यातली शेवटची वस्तू मिळवणं सर्वांत कठीण. बहुतेक घरांत शेजारची सीट मानाने मिळते, आणि मानाची माणसं मुळशीच्या आत झोपतात.

फोन हातात धरून चालवू नये. 2020च्या ऑक्टोबरपासून मोटार वाहन नियमांनी गाडी चालवताना फोनला मुभा दिली आहे ती फक्त रस्ता पाहण्यापुरती, तीही चालकाचं लक्ष विचलित होणार नसेल तर. ‘वडखळला आलो का विचारतायत, सांगतो’ हे त्या मुभेत बसत नाही. शिवाय तुम्ही वडखळमार्गे जातच नाही आहात.

आकाशात काय चालतं

नवचालकाचा पहिला गैरसमज असा, की उपग्रह वरून आपल्याकडे बघतो. तो बघत नाही. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटरवर फिरतात आणि दिवसरात्र एकच काम करतात: आपण कुठे आहोत आणि किती वाजले, हे सांगत राहतात. तुमचा फोन फक्त ऐकतो. किमान चार उपग्रहांचा आवाज लागला की कुणाचा निरोप किती उशिरा पोहोचला यावरून तो स्वतःची जागा काढतो. इथे घड्याळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तर जमिनीवर 300 मीटरचा फरक पडतो. म्हणून त्या उपग्रहांत अणुघड्याळं बसवलेली असतात. आपल्या आत्याच्या ‘निघालोच, पाच मिनिटांत’ला या व्यवस्थेत स्थान नाही.

2000च्या मे महिन्यापर्यंत अमेरिका हे संकेत सामान्य लोकांसाठी मुद्दाम बिघडवून सोडत असे. ते थांबलं, आणि गाडीतल्या दिशादर्शनाला अर्थ आला. आता भारताचे स्वतःचे नाविक उपग्रहही आहेत, आणि नवे बरेच फोन त्यांचंही ऐकतात.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते, ती पाठ करावी. तुमची जागा आकाशातून कळते, पण नकाशाचं चित्र इंटरनेटवरून येतं. ताम्हिणीत रेंज गेली की फोनला तुम्ही कुठे आहात हे नेमकं ठाऊक असतं, फक्त तो निळा ठिपका कोऱ्या करड्या पडद्यावर उभा राहतो. म्हणून वाटेतला सगळा भाग आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून घ्यावा. हे दर गणपतीत सांगितलं जातं आणि दर गणपतीत मुळशीच्या पुढे आठवतं.

गावाचं नाव टाकणे

हे सोपं वाटतं तेवढं नाही. वाटेत खेडला मावशीकडे थांबायचं ठरलं आहे असं समजू. पुण्यात बसून नुसतं ‘खेड’ टाकलंत तर फोन जवळचं खेड पुढे करण्याची शक्यता जास्त, म्हणजे राजगुरुनगर. त्यासाठी नाशिक रस्त्याला लागावं लागतं, जी बरोबर उलटी दिशा आहे. तुम्ही तासा-दीड तासात पोहोचाल, एकही घाट लागणार नाही, आणि आत्या म्हणेल, ‘यंदा रस्ता चांगला केला हो.’

कर्जत रायगडात आहे तसं अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. इंदापूर सोलापूर रस्त्यावर आहे आणि मुंबई-गोवा महामार्गावरही. पाली अष्टविनायकातल्या बल्लाळेश्वराची, आणि दुसरी रत्नागिरीजवळ हातखंब्याच्या पुढची. मलकापुरं मोजायला बसू नये. त्यातच प्रत्येक गावाचं बुद्रुक आणि खुर्द असतं, आणि तुमचे नातेवाईक नेहमी त्यातल्या लहान गावात राहतात. उपाय एकच: तालुका आणि जिल्हा टाकल्याशिवाय गाडी सुरू करू नये. कागदी नकाशावर ही फसगत होत नाही, कारण तिथे खेड शोधायचं म्हणजे आधी रत्नागिरी जिल्हा शोधावा लागतो. वेळ लागतो खरा, पण मावशीच्या घरी जाण्याऐवजी भीमाशंकरच्या वाटेला लागण्याइतका नाही.

घडी

कागदी नकाशा उघडायला शिकणं हा स्वतंत्र विषय आहे. तो चालत्या गाडीत उघडू नये. चालकाला समोरच्या काचेऐवजी मराठवाडा दिसू लागतो. थांबून, बॉनेटवर, वारा नसताना उघडावा. तुम्हाला हवा असलेला तालुका बरोबर घडीवर येतो आणि तिथला कागद सर्वांत आधी विरतो. आमच्या पाहण्यातल्या एका नकाशावर महाड आणि पोलादपूर यांच्यामध्ये एक आरपार भोक आहे. त्या भोकातून गोव्याला जाणारा रस्ता सलग समजायचा.

नकाशा जुना असेल तर त्यावर मुंबई-गोवा रस्ता 17 क्रमांकाचा आणि पुणे-सातारा रस्ता 4 क्रमांकाचा दिसेल. 2010च्या फेरक्रमांकनानंतर ते अनुक्रमे 66 आणि 48 झाले. रस्त्याकडेच्या दगडांवर नवे आकडे आहेत, लोकांच्या तोंडी मात्र ‘गोवा हायवे’ आणि ‘बेंगलोर हायवे’ अशी नावं आहेत, म्हणून काळजी नको. दगडाचा माथा पिवळा असेल तर तुम्ही राष्ट्रीय महामार्गावर आहात, हिरवा असेल तर राज्य महामार्गावर. माथ्याला निवडणुकीचं पोस्टर असेल तर अंदाज बांधावा.

काही हौशी मंडळी भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे आणतात. ही संस्था 1767 सालची, आणि तिचा पुण्याचा तक्ता 47 एफ/14 हा फारच सुंदर असतो: दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर, टेकड्यांच्या समोच्चरेषा, विहिरी, देवळं, पायवाटा. गाडी चालवायला त्याचा उपयोग नाही. चिपळूणपर्यंत पोहोचायला असे कितीतरी तक्ते लागतील आणि मांडीवर मोदकपात्र आहेच. दिवाळीत भिंतीवर लावावा.

घाट

आता मुख्य विषय. पुण्याहून चिपळूणला उतरायचे नेहमीचे मार्ग तीन. चांदणी चौकातून पौड, मुळशी, ताम्हिणी करून निजामपूर, माणगाव, मग महाड, पोलादपूर, कशेडी आणि खेड. दुसरा भोरहून वरंध घाटाने महाड. तिसरा सातारा ओलांडून उंब्रजला वळून पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट.

कागदी नकाशावर हे एका नजरेत दिसतं. उत्तर-दक्षिण सह्याद्रीची भिंत आणि तिच्यातून खाली उतरणारी मोजकी दारं. एक दार चुकलं तर पुढचं पुष्कळ लांब आहे, हे पाहणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. फोनवर ही भिंत नसते. तिथे एक निळी रेघ असते, ती वळते, तुम्ही वळता. पुढचं वळण 200 मीटरवर आहे हे कळतं, पण आपण दख्खनचं पठार सोडून कोकणात उतरतो आहोत हे मांडीवरचं मोदकपात्र कलंडल्यावरच समजतं.

निघतानाच चांदणी चौकात फोनची परीक्षा होते. 2022च्या ऑक्टोबरमध्ये जुना पूल पाडला, नंतर नवे पूल आणि उतार झाले. फोनला तुमची आडवी जागा बरी कळते, उंची तेवढी नाही. त्यामुळे तुम्ही पुलावर आहात की पुलाखाली, याबद्दल त्याचं आणि तुमचं एकमत होईलच असं नाही. अशा ठिकाणी पाट्या वाचाव्यात. चुकलात तर तिथेच मागे येण्याचा विचारही करू नये. पुढे जाऊन वळावं. आवाजातली बाई रागावत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे. शेजारच्या सीटवरच्या माणसाबद्दल असं म्हणता येत नाही. बोगद्यात मात्र तिला आकाश दिसत नाही, ती वेगावरून अंदाजाने सांगते. कशेडीच्या बोगद्यात तिचं फार मनावर घेऊ नये.

आणि माणगाव. गणपतीत माणगावच्या बाजारात गाड्या तुंबतात, फोनला ते लगेच कळतं, कारण रांगेतल्या शेकडो फोनांची चाल त्याला दिसते. मग तो म्हणतो, गावातून पर्यायी रस्ता आहे, इतकी मिनिटं वाचतील. हे तो मागच्या पन्नास गाड्यांनाही म्हणतो. पाच मिनिटांत तुम्ही दोन बांधांमधल्या अरुंद डांबरी रस्त्यावर असता, पुढे एक साकव, आणि साकवाच्या पलीकडून तशीच फोन लावलेली एक गाडी. दोन्हीकडचे मामा उतरतात. मागे हटण्यासाठी कुणी तरी गाडीच्या डिकीवर थाप मारत ‘येऊ द्या... येऊ द्या... अजून... बस्स!’ म्हणतो, आणि ते ‘बस्स’ नेहमी भाताच्या खाचरात चाक गेल्यावर येतं. नवचालकाने हे पहिल्याच वर्षी शिकावं: गणपतीत हमरस्ता सोडू नये. तिथे निदान चहा मिळतो.

यापुढचं थट्टेत घेण्यासारखं नाही. फोन रस्ता मोकळा आहे असं ठरवतो ते गाड्यांच्या चालीवरून. बंद रस्त्यावर गाड्या नसतात. मोकळा आणि बंद यांतला फरक त्याला कुणी कळवेपर्यंत माहीत नसतो. 2021च्या जानेवारीत अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री एक गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलाच्या रस्त्याने थेट पाण्यात गेली आणि चालकाचा जीव गेला. 2024च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली कोसळून तिघे गेले. नकाशावर रेघ होती. कागदी नकाशावरही ती असू शकली असती. कागदाला तर पाणी कधीच कळत नाही. फरक इतकाच की कागद ‘सरळ जा’ असं म्हणत नाही, त्यामुळे त्याचं ऐकून कुणी अंधारात वेग धरत नाही. वरंध घाट पावसाळ्यात बहुधा बंद ठेवतात, कधी सगळ्यांना, कधी जड वाहनांना. भोरला विचारून पुढे जा. घाटाच्या तोंडाशी दगड किंवा बॅरिकेड दिसलं तर वाचण्यासारखा नकाशा तोच.

विचारणे

फोन आणि कागद या दोन्हींच्या आधीचं हे साधन, आणि त्यालाही कौशल्य लागतं. काच पूर्ण खाली करावी, अर्धी नाही. अर्ध्या काचेतून विचारणाऱ्याला अर्धा रस्ता सांगतात. ‘हा रस्ता चिपळूणला जातो का?’ असं कधीही विचारू नये. उत्तर ‘हो, जातो की’ असंच येतं, आणि ते खोटंही नसतं. कुठून तरी प्रत्येक रस्ता चिपळूणला जातो. ‘काका, चिपळूणला कसं जायचं?’ असं विचारावं. टपरीवर तिघं असतील तर तिघांची तीन मतं ऐकून घ्यावीत आणि चौथा, जो आतापर्यंत चहा ओतत होता, तो काय म्हणतो त्याकडे लक्ष द्यावं. अंतर विचारू नये. कोकणात ‘हाकेवर’ याचा अर्थ आवाजाच्या ताकदीवर अवलंबून असतो.

सर्वांत भरवशाचा माणूस एसटीचा ड्रायव्हर. त्याला कालचा रस्ता माहीत असतो, परवाचा नाही. घाटात लाल गाडी पुढे असेल तर ओव्हरटेक करू नका, मागे राहा. ती जिथे वळेल तिथे रस्ता आहे.

शेवटचा किलोमीटर

चिपळूणच्या पुढे फोन तुम्हाला गावात नेऊन सोडेल आणि ‘तुम्ही पोहोचलात’ असं जाहीर करेल. तुम्ही बसथांब्यापाशी असाल. घर तिथून चढावर, आंब्याच्या बागेपलीकडे, वरच्या वाडीत. वाडीचं नाव नकाशावर नसतं, किंवा असलं तर ती खालची वाडी असते. म्हणून खेड सोडताना घरी फोन करा, तोही मागच्या सीटवरून, आणि फाट्यावर कुणाला तरी उभं करायला सांगा. गणपतीत पोरं मोकळीच असतात.