परिशिष्टकाका

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत त्यांना खऱ्या नावाने फक्त पोस्टमन ओळखतो. राज्यघटनेतल्या पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टावर आल्याशिवाय त्यांचं कुठलंच बोलणं संपत नाही, म्हणून परिशिष्टकाका. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. कालव्यांचं पाणी त्यांनी कधी चाखलं की नाही ठाऊक नाही, पण नियमांची पुस्तकं मात्र कोळून प्यायले.

जून २०२२ पर्यंत माणूस बरा होता. सकाळी दूध, संध्याकाळी भाजी. मग शिवसेनेचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले. ते परत आले. काका आले नाहीत. सप्टेंबरात त्याच वादावरचं घटनापीठाचं कामकाज यूट्यूबवर थेट दिसायला लागलं, तेव्हा तर जेवणाची वेळही सुनावणीवर ठरू लागली. काकूंनी ताट वाढून हाक मारली की हे हात वर करायचे, ‘थांब, सिब्बल उभे आहेत.’

‘मग त्यांनाही बसायला सांगा. पोळ्या गार होतायत.’

गेटपाशी कोणी नुसतं ‘फूट पडली’ म्हटलं तरी काका छत्री रोखतात. ‘फूट नाही म्हणायचं! एक तृतीयांशवाली फूट २००३ मध्येच बाद झाली, ९१वी घटनादुरुस्ती! आता दोन तृतीयांश लागतात, तेही विलीन व्हायला!’ मग १९६७ चे हरयाणाचे गयालाल येतात, पंधरवड्यात तीनदा पक्ष बदललेले. तेवढ्यात दूधवाला निघून जातो, आणि तो मात्र पुन्हा येत नाही.

त्यांचा खरा राग विधानसभेच्या अध्यक्षांवर. कुठल्या एका नव्हे, त्या खुर्चीवरच. ‘अपात्रतेचा न्याय करायचा कोणी? जो स्वतः एका पक्षाच्या तिकिटावर निवडून आलाय त्याने! आणि किती दिवसांत? कालमर्यादाच लिहिलेली नाही हो! ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, वाजवी मुदतीत निकाल द्या. वाजवी म्हणजे किती? शेवटी न्यायालयालाच तारीख घालून द्यावी लागली. ३१ डिसेंबर. ती लांबून १० जानेवारी. आणि एवढं करून अपात्र कोण? कोणीच नाही!’ इथे त्यांना खोकला येतो. या वाक्यावर तो नेमका येतो, हे मी तीनदा पाहिलंय.

मग गेल्या वर्षी आमचं गणेश मंडळच फुटलं. क्षमस्व, विभागलं. एकवीस सभासदांपैकी चौदा जण ढोल आणि मखर उचलून बी विंगच्या पार्किंगमध्ये गेले. ‘मूळ मंडळ आम्हीच’, दोघांचंही म्हणणं. वाद खरा पावतीपुस्तकाचा होता. ज्याच्या हाती पुस्तक, त्यालाच लोक वर्गणी देणार. ए विंगचे सेक्रेटरी तर चिडून राजीनामा देऊन बसले. शेवटी सगळ्यांच्या मते एकच माणूस निःपक्षपाती होता. त्यांचा जावई बी विंगमध्ये राहतो, हे तेव्हा कोणाला सुचलं नाही.

काकांनी आधी दोन्ही गटांकडून लेखी म्हणणं मागवलं, तीन-तीन प्रतींत. मग मंडळाची घटना. त्या दोन निघाल्या. एक जुनी, टंकलिखित, कडा वाळवीने खाल्लेली. दुसरी नवी, पण फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली. काका चष्मा पुसत म्हणाले, ‘अभ्यास करावा लागेल.’

चतुर्थी आली. सोसायटीत दोन गणपती बसले, दोन आरत्या एकाच वेळी सुरू झाल्या आणि मधल्या जिन्यात ‘सुखकर्ता’ला ‘लवथवती’ आडवी गेली. काकांनी दोन्हीकडचा प्रसाद घेतला, ‘सुनावणी चालू आहे’ म्हणून. विसर्जन झालं. पितृपक्ष संपला. दसऱ्याचं सोनंही वाटून झालं.

निकाल लागला कोजागरीला, गच्चीवर. काकांनी तो उभं राहून वाचला. जुनी घटनाच ग्राह्य. पावतीपुस्तक बी विंगकडे. अपात्र कोणीच नाही. ए विंगचे सेक्रेटरी उसळले, तर काका हळहळून म्हणाले, ‘तुम्ही राजीनामा दिला नसतात, तर तुम्हाला परत बसवता आलं असतं.’

मसाला दूध वाटताना मी हळूच विचारलं, ‘पण काका, एवढा उशीर?’

काकांनी पेल्यातली साय बोटाने बाजूला केली.

‘कालमर्यादा कुठे लिहिलीय?’